झिजलेली कॉलर

"मेलं रहाटगाडगं नुसतं!" शर्टावर पाण्याचा हात मारत सासूबाई पुटपुटल्या. "सकाळी धुवा, संध्याकाळी इस्त्री करा, खुंटीला लावा. उजाडलं की स्वारी पुन्हा टोपलीत हजर!"

दारात चपला काढता काढता सून हसली. काल ‘तेच दळण’ होतं, परवा ‘घाण्याचा बैल’. शब्द रोज नवा, शर्ट मात्र तोच, तिच्या नवऱ्याचा कामावरचा निळा.

"लाँड्रीत टाकू का, आई?"

"नको. ते बटणं फोडतात. आज तरी वेळेवर येणार का तो?"

"कामाची पाळी बदललीय. उशीरच होईल."

हे उत्तर तिच्या ओठांवर तयारच असायचं. खुंटीवर पंख्याच्या वाऱ्यानं शर्टाच्या बाह्या हलू लागल्या, की दोघीही दुसरीकडे बघायच्या.

"छापखान्यात काय सांगितलंस?"

सुनेनं पाणी ओतून घेतलं. दुसऱ्या गावच्या शाखेत अख्खा बांधणी विभाग तिच्या हाती येणार होता. राहायला खोलीही होती. इतकी वर्षं पुठ्ठे चिकटवताना तिनं हेच तर मागितलं होतं. होय की नाही, ते उद्या सकाळी सांगायचं होतं.

"नाही म्हणणार आहे. इथलं कोण बघेल?"

"त्याला विचारलंस?"

ग्लास ओठांशी थांबला. "विचारलं. नको म्हणाले."

सासूबाईंनी इस्त्री उभी करून ठेवली.

"खोटं बोलतेस. तुझ्या वाटेत येणारा नव्हताच तो."

"नव्हता?"

सासूबाईंनी शर्ट दिव्याखाली धरला. कॉलरची घडी आरपार विरली होती.

"ना घामाचा वास, ना मळाची रेघ. कॉलर मानेनं झिजते गं. ही माझ्या इस्त्रीनं झिजलीय."

सुनेनं ग्लास खाली ठेवला आणि ती त्यांच्याजवळ बसली. "आई, मला वाटत होतं, तुम्हाला सोसणार नाही. म्हणून मी पहाटे उठून हा शर्ट चुरगाळून टोपलीत..."

"आणि मला वाटत होतं, तुला सोसणार नाही. म्हणून मी धूत राहिले."

त्यांनी शर्ट घडी घालून तिच्या मांडीवर ठेवला. खुंटीकडे पाहिलं, या वेळी नीट पाहिलं.

"त्या अपघातातच गेला गं आपला तो. आता तू जा."