किशनगड ते जळगाव, सव्वा तास

जिनलने अ‍ॅटलासमधल्या जळगाववर दोऱ्याचं एक टोक बोटाने दाबून धरलं. दोऱ्याचं दुसरं टोक दादाजींनी किशनगडवर ठेवलं होतं. मग तिने तो दोरा पट्टीला लावला आणि वहीत गुणाकार केला.

"सहाशे साठ किलोमीटर."

"शाबास."

"शाबास काय? फोनवर सहाशे तीस आहे. तुमचा दोरा ढिला होता, दादाजी."

"या वयात एवढाच ताणला जातो," मिश्रीलालजी म्हणाले. म्हसावदचं दुकान मुलाकडे सोपवल्यापासून नातीचा अभ्यास तेवढा त्यांनी स्वतःकडे ठेवला होता.

तिने फोन त्यांच्यापुढे धरला. किशनगड विमानतळ ते जळगाव विमानतळ, विमानाने सव्वा तास.

जिनलची आई होळीला राजस्थानात, किशनगडला माहेरी गेली होती. दिवाळी होऊन गेली तरी परतली नव्हती. फोनवर दर वेळी म्हणायची, "फार लांब आहे गं बेटा. विमान असतं तर आत्ता आले असते."

"सकाळीच आईला याचा स्क्रीनशॉट पाठवला मी," जिनल म्हणाली. "तिने बघितलाय. उत्तर आलं की जेवते."

स्वयंपाकाच्या भिकुबाईने खिचडीची दोन ताटं केव्हाच आणून ठेवली होती. दाराशी येऊन ती म्हणाली, "शेठजी, दिन बुडी ऱ्हायना. मंग पानी बी नही चालस तुमले."

मिश्रीलालजींनी मान हलवली, पण ताटाला हात लावला नाही. सूर्य मावळल्यावर ते काही घेत नसत, आणि नातीच्या आधी त्यांना घास जाईना. समोरच्या गोदामाच्या पत्र्यावर थोडं ऊन उरलं होतं. त्यांनी पेन्सिल घेतली. गणित अडलं की घेत तशीच, सावकाश.

"हे बघ. कुठलीही दोन गावं घे, त्यांच्यात सरळ रेघ काढता येते. फोनने ती रेघ मोजली आणि विमानाच्या वेगाने भागली. सव्वा तास आला. पण त्या रेघेवरून विमान जातंच असं नाही." ते थांबले. "या दोन गावांत विमान नाही, बेटा."

"माहीत आहे," जिनल म्हणाली.

"माहीत आहे?"

"तिथे खालीच लिहिलंय, थेट विमान नाही म्हणून. आईला पाठवताना तेवढं कापलं मी."

"कापलं? का गं?"

ती दोरा बोटाला गुंडाळत राहिली. दोन वेढे दिले, सोडवले, पुन्हा दिले.

"तिने 'येते' म्हटलं असतं, तर मीच सांगणार होते, विमान नाही म्हणून."

मिश्रीलालजींनी पेन्सिल खाली ठेवली. पत्र्यावरचं ऊन गेलं होतं. फोन अजून काळाच होता.

त्यांनी आपलं ताट भिकुबाईकडे सरकवलं. "माझी वेळ गेली. तू जेव बेटा, तुला कुठे नेम आहे?"

जिनलने फोन पालथा ठेवला. मग आपल्या खिचडीवर ताटली झाकली.

"माझी पण गेली," ती म्हणाली.