जोडकार्ड

विशाखानं एकतीस वर्षांपूर्वी पाचोडहून पाठवलेलं जोडकार्ड अण्णांच्या हातात होतं. अर्ध्या भागावर तिचा प्रश्न. उरलेला अर्धा कोरा, उत्तरासाठी. त्यावर तिकीट छापलेलं होतं आणि आपला पत्ताही तिनंच घालून ठेवला होता. दोन शब्द लिहून तो भाग फाडायचा आणि पेटीत टाकायचा, एवढंच काम अण्णांकडे होतं. ते त्यांनी केलं नव्हतं.

"हात जरा थरथरू द्या, अण्णा," मोबाइल सरसावत त्यांचा मुलगा अभय म्हणाला. "मागच्या व्हिडिओत लई नॅचरल आलं होतं."

मुलाचा तो मागचा व्हिडिओ एकवीस लाख लोकांनी पाहिला होता. त्यात अण्णांनी कार्ड वाचून दाखवलं होतं : 'सर, दिवाळी अंकात तुमची कविता वाचली. माझ्या कवितांची वही सोबत पाठवते. लिहू की थांबू, एवढंच कळवा.' मग मान खाली घालून ते म्हणाले होते, "मी कोण सांगणारा? धीरच झाला नाही." ग्रंथालयात हयात घालवलेल्या लाजाळू माणसाचं ते वाक्य लोकांना फार आवडलं.

आता एका पेन कंपनीनं चाळीस हजार देऊ केले होते. अण्णांनी कंपनीच्या पेनानं कॅमेऱ्यासमोर उत्तर लिहायचं. मजकूरही कंपनीनंच पाठवला होता : 'लिहीत राहा, बाळा.' शेवटी टोपण लावल्याचा आवाज नीट यायला हवा, अशी खाली सूचना होती.

अण्णांना त्या पैशांची किळस आली होती. जेवताना त्यांनी मुलाला तसं सुनावलंही होतं. पण पैशाला नाक मुरडणारा हा माणूस पंधरा दिवस, तोंड धुवायच्या आधी, व्हिडिओखालचे लाल बदाम बघत होता. 'किती हळवा माणूस!' असं कुणी लिहिलं की तीनतीनदा वाचत होता. गुलमंडीत एका कापडवाल्यानं ओळखलं, तर नको असलेला टॉवेल घेऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच दुकानावरून गेला. मुलगा निदान उघड दुकान मांडून बसला होता.

"हे वाचा," अभयनं मोबाइल पुढं केला. "अकरा हजार कमेंटमधनं हुडकलं. सोनं आहे सोनं!"

'ते कार्ड माझं आहे. सरांचं उत्तर आलं नाही, म्हणून मी थांबले. अजून पाचोडलाच असते, त्याच घरी. बांगड्यांचं दुकान आहे. विशाखा.'

त्याखाली अभयनं लाल बदाम टाकला होता आणि विचारलं होतं, 'ताई, पुढच्या व्हिडिओत याल का?'

अण्णांनी पुन्हा वाचलं. मी थांबले. त्यांचा हात खरोखरच थरथरायला लागला.

"अस्सं! अस्संच ठेवा!" अभय ओरडला.

अण्णा उठले. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी कडी लावली.

"अण्णा, पेन! त्यांचं पेन तर इथंच राहिलं!"

थोड्या वेळानं कार्डाचा फाडलेला अर्धा भाग घेऊन अण्णा बाहेर आले, चपला घातल्या आणि चालू लागले. छावणीतल्या पोस्टात त्यांनी जुन्या तिकिटाशेजारी नवं तिकीट चिकटवलं. अभय स्कूटरवरून मागोमाग आला तेव्हा ते पेटीसमोर उभे होते.

"थांबा, टाकू नका! काय लिहिलंय ते तरी दाखवा. आपण पुन्हा करू, पाच मिनिटांचं काम आहे."

"दाखवण्यासारखं नाही," अण्णा म्हणाले आणि त्यांनी कार्ड पेटीत सोडलं.

कार्डावर लिहिलं होतं : 'तुमची वही आली त्याच दिवशी मी दोनदा वाचली. ती माझ्याकडे आहे, परत पाठवतो. तुमच्या कविता माझ्या कवितांपेक्षा चांगल्या होत्या. म्हणून उत्तर दिलं नाही.'