बिनतारखेचा इसार

कोरोनात सलग दुसरी लग्नसराई बँडाविना गेली. डोंगरकडा गावचा बँडवाला विश्वंभर बँकेत कर्ज मागायला गेला, तर साहेबांनी विचारलं, "वरातीच बंद आहेत, हप्ता कशातून भरणार?" तो घरी आला आणि ढोल, ताशे, पितळी बाजे ओट्यावर काढून भंगारवाल्याची वाट पाहत बसला.

शेजारच्या वाडीचा सोनाजी हळद विकून मोंढ्यातून परतत होता. ओट्यावरचं सामान बघून तो थांबला. क्षणभरानं खिशातल्या नोटा काढून त्यानं ट्रम्पेटच्या तोंडात खोचल्या.

"हा इसार, विश्वंभरभाऊ. माझ्या पोरीच्या लग्नात तुमचाच बँड पायजे."

"लग्नाला परवानगी कुठं देऊन राहिले? तारीख कवाची हाय?"

"ठरली न्हाई."

"पावणे कुठले?"

"तेबी ठरलं न्हाई."

विश्वंभर चिडला. "काहून मजाक करून राहिला गरिबाची? पोरगी तरी हाय का तुला?"

"हाय की. परवाच झाली." सोनाजी हसला. "शिकंल, नोकरीला लागंल, मंग करू तिचं लगीन. तवर यातलं काई इकायचं न्हाई. इसार घेतलाय तुमी."

विश्वंभरनं ट्रम्पेट उचलला, नोटा काढून कपाळाला लावल्या आणि सदऱ्याच्या टोकानं पितळ घासत विचारलं,

"बारसं कवा हाय? एकटाच येतो, पण वाजवतो."