रघूच्या खांद्याचं मशीन

"हेही नको. टू-स्ट्रोक आहे. दर खेपेला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळत बसा, आणि प्रमाण चुकलं की इंजिन जाम!" श्यामरावांनी तिसरा ग्रासकटर बाजूला सारला आणि ते स्टुलावरून पुन्हा उठले.

दुकानदार संदेशने निमूटपणे चौथा उतरवला. तासभर हेच चाललं होतं. श्यामराव बसत, उठत, पात्याला बोट लावून बघत, परत बसत. उचलून मात्र एकही पाहत नव्हते. गेल्या वर्षी मेमध्ये बायपास झाली, तेव्हाच डॉक्टरांनी वजन उचलणं बंद केलं होतं, आणि डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर असलेल्या बागेचा चढही. स्वतः लावलेली आंब्याची चाळीस कलमं वर, आणि हे खाली पडवीत येरझारा घालत. बागेचा विषय निघाला की यांचा जीव वरखाली होतो, म्हणून त्यांच्या पत्नीने, सुमेधाताईंनी, सगळा कारभार आपल्याकडे घेतला. पावसाळ्यात त्या रोज सकाळी स्कूटरने पायथ्याशी जात, वर चढून गडी रघूकडून थोडं थोडं गवत काढून घेत आणि अकरापर्यंत परत येत.

"काढलंन का रे गवत रघूने?" श्यामराव फाटकातच विचारत.

"काढलंन हो." बागेतलं तेवढंच त्यांच्या वाट्याला येई.

यंदा रानमोडीचं तण कमरेपर्यंत माजलं. विळ्याने आवरत नाही, मशीन घेऊ या, असं सुमेधाताईच म्हणाल्या, आणि श्यामरावांना हुरूप आला. पंधरा दिवस त्यांनी फोनवर व्हिडिओ पाहिले, वहीभर टिपणं काढली. बागेचं एक तरी काम आपल्या हातात आलं होतं. ते चुकून चालणार नव्हतं.

"अहो, हे बघा ना." सुमेधाताई कोपऱ्यातल्या एका लहानशा मशीनपाशी उभ्या होत्या. "हलकं आहे. स्टार्टरची दोरीही पटकन ओढली जात्ये."

"अगो, अंगणातल्या हिरवळीसाठी ठीक आहे ते. रानमोडीपुढे त्याचा काय निभाव? आणि हलकं हवंय कोणाला? सिमेंटची गोणी खांद्यावर टाकून घाटी चढणारा माणूस रघू."

"तासन् तास वागवायचं असतं ते. मनगटं भरून येतात."

"तो बोलला तसं काही?"

"नाही," सुमेधाताई म्हणाल्या.

शेवटी श्यामरावांनी फोर-स्ट्रोक ठरवला. आठ किलोचा, लोखंडी पात्याचा. संदेशने हुश्श करून बिलबुक ओढलं. तरी श्यामरावांचं मन काही स्थिर होईना. त्यांनी खिशातून फोन काढला.

"रघूलाच विचारून घेतो. चालवायचं त्याला आहे."

"त्याला कशाला आत्ता? कामात असेल. मी विचारते ना संध्याकाळी!"

पण तोवर ते नंबर लावत दुकानाच्या पायरीवर गेलेही होते.

"काका! बरी हाय ना तब्येत?" रघूच्या आवाजामागे मोठाली यंत्रं धडधडत होती.

"अरे, ग्रासकटर घेतोय. तुला जड चालेल की हलका?"

"मला? काका, मी मुंबईत हाय. गेल्या गनपतीनंतर कंपनीत लागलो तो हितंच. काकी बोलल्या नाय तुम्हाला?"

श्यामरावांनी काचेतून आत पाहिलं. बासष्ट वर्षांच्या सुमेधाताईंनी त्या लहान मशीनचा पट्टा खांद्यावर चढवला होता. दांडा डावी-उजवीकडे फिरवून त्या बघत होत्या. पाय रोवून, सवयीच्या माणसासारख्या. मग कोणी पाहील अशा धास्तीने त्यांनी घाईने ते खाली ठेवलं.

"बोलली रे, बोलली," श्यामराव फोनमध्ये म्हणाले. "मीच विसरलो."

ते आत आले, स्टुलावर बसले आणि बसूनच राहिले.

"काय म्हणाला?" सुमेधाताईंनी मान वर न करता विचारलं.

"हलकंच घ्या म्हणाला. वेळ जास्त लागेल, तर लागू दे."

संदेशने जड मशीन उचलून परत फळीवर ठेवलं. "आणखी काही देऊ, काका?"

"हातमोजे दे," श्यामराव म्हणाले. "बायकांच्या मापाचे."