मान खाली

"पाण्यात जा, पाण्यात जा, पाण्यात जा," काकू मोठ्या पडद्याकडे बघत पुटपुटत होत्या. चेंडू खरोखरच तळ्यात गेला. "गेला!" त्यांनी काकांच्या मांडीवर थाप मारली. "अहो, आणखी एक कमी झाला."

"हळू बोल. त्या खेळाडूचा भाऊ मागच्या टेबलावर बसलाय."

"मी कुणाचं वाईट चिंतत नाही. पण एखाद्याचा चेंडू आपणहून पाण्यात जात असेल, तर मी काय करू?"

काकांचा खेळ सकाळीच आटोपला होता. दुपारपासून दोघं क्लबच्या हॉलमध्ये बसून होते. गोल्फमध्ये हा एक खास छळ असतो. आपण खेळून मोकळं व्हायचं आणि मग इतरांच्या हातात अडकलेलं आपलं नशीब बघत बसायचं. दोन दिवस झाले की गुणांच्या फलकावर एक रेष ओढतात. रेषेच्या वरचे पुढे खेळतात, खालचे सामान आवरतात. या घडीला काका नेमके रेषेवर होते. मोसमातली ही शेवटची स्पर्धा होती. इथून खाली घसरले की पुढच्या वर्षी व्यावसायिक स्पर्धांत खेळण्याचा परवानाही जाणार होता.

एके काळी ही रेष कुठे ओढतात तेही त्यांना ठाऊक नव्हतं. पेपरवाले त्यांना 'तोफ' म्हणायचे. मग पाठ आखडली. पाठ सुधारली तर मनगट रुसलं. मधेच एका वर्षी असे उसळले की थेट मोठा चषक घेऊन घरी आले, आणि पुढच्याच वर्षी असे आपटले की पेपरवाल्यांनी नाव छापायचं सोडून दिलं. आता तोफ कुणी म्हणत नसे. स्पर्धांमधली सगळी पोरं त्यांना काका म्हणत, आणि त्यांची बॅग खांद्यावर टाकून मैदानभर फिरणाऱ्या त्यांच्या बायकोला काकू. एका क्लबने शिकवायला या म्हणून फोन केला होता. "ते खेळ संपलेल्यांचं काम," असं म्हणून काकांनी फोन आपटला होता.

मैदानावर आता शेवटचा खेळाडू उरला होता. पहिल्याच मोसमातला एक नवखा. त्याचा चेंडू शेवटच्या हिरवळीवर येऊन थांबला होता आणि होल तिथून हाकेच्या अंतरावर होता.

शेजारच्या टेबलावरच्या पत्रकाराने हिशोब मांडला. "सोपं आहे. हा फटका चुकला, तर पुढच्यात तो चेंडू आत ढकलेल, काकांच्या बरोबरीला येईल आणि दोघंही राहतील. याच फटक्यात पडला, तर तो काकांच्या पुढे. मग तो राहील आणि काका घरी."

"मग चुकव की रे बाळा," काकू हात जोडून पडद्याला म्हणाल्या. "तुझंही भलं, आमचंही भलं."

"चुकवणारच तो," पत्रकार म्हणाला. " आठवडाभर हिरवळीवरचे त्याचे सगळे फटके डावीकडे चाललेत."

काका कॉफीच्या कपात बघायला लागले. काकूंनी इतकी वर्षं संसार केला होता. त्यांच्या लगेच लक्षात आलं.

"काय केलंत?"

"कुठे काय? दुपारी सरावाला भेटला. रडकुंडीला आला होता बिचारा. मारायच्या आधीच मान वर करून बघतो गं तो. म्हटलं, बघूच नकोस. मान खाली ठेव आणि पडल्याचा आवाज ऐक."

"मी कपडे बदलून येईपर्यंत एवढं सगळं?"

"मग काय, पोराला तसंच सोडायचं?"

काकूंनी कपाळावर हात मारला. काका दोन वर्षं हेच स्वतःला बजावत होते आणि स्वतःची मान काही ऐकत नव्हती.

पडद्यावर नवखा चेंडूपाशी उभा राहिला. हा चुकला पाहिजे, असं काकांना अगदी मनापासून वाटत होतं. अजून एक वर्ष. फक्त एक वर्ष मिळालं तर सगळं रुळावर येईल, असं ते दरवर्षी म्हणत, आणि आत्ताही म्हणाले.

नवख्याने फटका मारला. सगळा हॉल चेंडूकडे बघत होता. काका बघत होते नवख्याच्या मानेकडे. चेंडू निम्म्या वाटेवर पोचला. मान खालीच. चेंडू होलजवळ आला. मान खालीच.

"नाही उचलली!" काका ताडकन उठले. कॉफी लवंडली. "बघा, बघा, अजून खाली आहे! शाब्बास रे पठ्ठ्या!"

चेंडू होलमध्ये पडला तेव्हा काका दोन्ही हात वर करून टेबलांच्या मधून नाचत होते.

हॉलमध्ये दुसरं कुणी टाळी वाजवेना, कुणी काकांकडे बघेना. शेवटी पत्रकारच हळू आवाजात म्हणाला, "काका, तुम्ही बाहेर गेलात."

"हो, ते कळलं मला," काका धापा टाकत म्हणाले आणि काकूंकडे वळले. "पण तू मान बघितलीस का त्याची? मान?"

काकू भांडायच्या तयारीनेच उठल्या होत्या. तोंडात चांगले दोन-चार शब्द तयार होते. पण नवऱ्याच्या लालबुंद, घामेजल्या, हसऱ्या चेहऱ्याकडे त्या बघत राहिल्या आणि त्यांचा राग कुठच्या कुठे पळाला.

"मोठा चषक जिंकलात तेव्हा मी तुमच्या शेजारीच उभी होते," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही नुसती टोपी उचलली होतीत."