गवयाचा थेंब

तोलोबेकनं बाळ मांडीवर घेतलं आणि खोलीतली बोलणी थांबली. कोचकोर गावची तीस-पस्तीस माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि सगळ्यांची नजर तोलोबेकच्या तोंडाकडे होती. त्याची थुंकी बाळाच्या तोंडात पडायची, म्हणजे पोर मोठेपणी त्याच्यासारखं गाणार. बाळाचा सख्खा आजोबा एसेनबेक दाराशी बसून हे बघत होता, आणि त्याला ते मुळीच बघवत नव्हतं.

नातवाचं भलं होतंय तर ह्याला काय धाड भरली? तर ती धाड साठ वर्षं जुनी होती. एसेन आणि तोलो जुळे भाऊ. दोघं चाळीस दिवसांचे असताना गावात एक नावाजलेला म्हातारा गवई आला होता. आईनं दोघांनाही पुढं केलं. पण म्हाताऱ्याचं तोंड सुकलेलं. आला तो एकच थेंब, आणि तो पडला तोलोच्या तोंडात. आईनं हे इतक्यांदा सांगितलं होतं की एसेनला तो थेंब डोळ्यांसमोर दिसायचा. गळा त्याचाही बरा होता. पण थेंब आपल्या वाट्याचा नाही म्हटल्यावर त्यानं सातव्या वर्षीच तीन तारांचं कोमूझ खाली ठेवलं ते ठेवलंच. तोलो गावोगावच्या लग्नांत गायला, बक्षिसात घोडे घेऊन आला. एसेन नारीन शहरातल्या शाळेत नर्स होऊ घातलेल्या मुलींना शरीररचना शिकवू लागला.

त्यातला लाळेच्या ग्रंथींचा तास फार गाजलेला. प्रत्येक मुलीच्या हातात तो एक आरसा द्यायचा आणि वाळवलेल्या आंबट दह्याची गोळी, कुरुत. "गोळी हुंगा. आता जीभ वर करा. दिसला झरा? ह्या ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या. कानाखाली, जबड्याखाली, जिभेखाली. दिवसाला लिटरभर लाळ, कधी दीड लिटर. घास भिजवते, भाकरी चावता चावता गोड करते, दात सांभाळते. आणि शंभरात नव्व्याण्णव भाग नुसतं पाणी." शेवटी दरवर्षी न चुकता म्हणायचा, "गाणंबिणं त्यात काही नसतं, पोरींनो." मुली हसायच्या. तो हसत नसे.

आणि आज त्याच्याच सुनेनं, बेगिमायनं, त्याला न विचारता तोलोला बोलावणं धाडलं होतं. "बाबा, हुशारी तुमची येईलच हो," ती म्हणाली होती, "पण गळा काकांचा हवा." तो 'पण' सकाळपासून एसेनच्या घशाखाली उतरत नव्हता.

तोलो बाळावर वाकला. थांबला. चहाचा घोट घेतला, गिळला, पुन्हा वाकला आणि पुन्हा थांबला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एसेनला मात्र दुसरंच दिसलं. भावाचे ओठ फुटलेले. बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. मघाशी तोंडात टाकलेलं कुरुत अजून गालात तसंच, टणक. गेल्या हिवाळ्यात बिश्केकला मानेतल्या गाठीवर त्यानं किरणांचे शेक घेतले होते. गाठ गेली, पण ग्रंथीही जळल्या. कुरुतनंही ह्याच्या तोंडाला पाणी सुटत नव्हतं. खोटं कशाला बोला, एसेनला क्षणभर फार बरं वाटलं.

"पोर भुकेजलंय, जरा पाजून घे," तोलोनं बाळ बेगिमायकडे दिलं. "एसेन, चल रे, तुझा नवा घोडा दाखव."

घोड्यापाशी दोघंच होते.

"तू थुंक," तोलो म्हणाला. "चहा थुंकून भागायचं नाही, आणि माझ्या तोंडात आता थेंब नाही."

"ते कळलं मला. तेच शिकवत जन्म गेला माझा. पण माझ्या थुंकीत काय ठेवलंय? गवयाचा थेंब तुझ्या तोंडात पडला होता."

"तुझ्या पडला होता."

एसेनचा हात घोड्याच्या आयाळीतच राहिला.

"आईनं मरताना मला सांगितलं. मी सहा वर्षांचा होईस्तोवर तोतरा होतो, आठवतं? माझी कीव आली तिला. म्हणून सांगत राहिली, थेंब तुझ्याच तोंडात पडलाय, भिऊ नकोस. तू धडधाकट. तुला काय कमी, असं वाटलं तिला." तोलोनं कोरडाच आवंढा गिळला. "बारा वर्षं झाली त्याला. तुला सांगायला जीभ उचलली नाही. वाटायचं, सांगितलं की मी पुन्हा तोतरा होणार."

एसेनला वाटलं, ह्याची मानगूट धरावी. थेंब माझा, आणि आयुष्यभर गायला हा. मग त्याच्या ध्यानात आलं, हा गायला तो त्या थेंबावाचून गायला. पस्तीस वर्षं मुलींना शिकवलं ते अगदी खरं होतं. शिकवणाऱ्यालाच ते पटलं नव्हतं.

त्यानं घोड्याची मान दोनदा थोपटली.

"आत चल," तो म्हणाला. "तूच थुंक."

"अरे, पण कुठून..."

"वाक आणि थू कर. पुढचं मी बघतो."

तोलो आत गेला, वाकला आणि थू केलं. आवाज चांगला झाला. बाळानं डोळे मिटून घेतले.

"पडली का?" बेगिमाय पुढं सरकली. "मला काही दिसलं नाही."

सगळी खोली एसेनकडे वळली. तोंडातलं त्याच्याइतकं त्या गावात कुणाला कळत नव्हतं. एसेन गुडघ्यांवर बसला. करंगळीनं त्यानं नातवाचे ओठ हळूच उघडले, जीभ वर केली आणि नीट पाहिलं. आत आईचं दूध होतं. दुसरं काही नव्हतं.

"पडली," तो नातवाला म्हणाला. "तुझ्याच तोंडात पडलीय. भिऊ नकोस."