कधी सुटणार?

खासदार हरेश्वर नाखवा बाकावर सारखी चुळबुळ करत होते. सकाळपासून झालेले चहा बाहेरची वाट मागत होते आणि त्यांच्या प्रश्नाचा पुकारा काही होत नव्हता.

“जाऊन या की पटकन,” शेजारचे सदस्य कुजबुजले.

“आणि तेवढ्यात नाव पुकारलं तर? प्रश्न बुडेल ना!”

त्यांच्या गावचे सात खलाशी शेजारी देशाच्या तुरुंगात होते. गेल्या अधिवेशनात गृहमंत्री म्हणाले, होडी हद्दीपलीकडे गेली, म्हणजे बाब परराष्ट्र खात्याची. परराष्ट्रमंत्री म्हणाले, खलाशी आपल्याच किनाऱ्यावरचे, म्हणजे बाब गृहखात्याची. खलाशांच्या बायका अजून बंदरावर डोळे लावून बसल्या होत्या.

अखेर नाव पुकारलं गेलं. पाठ करून आणलेलं भाषण आता नाखवांना झेपणार नव्हतं. ते कसेबसे उठले आणि एवढंच म्हणाले, “कधी सुटणार?”

परराष्ट्रमंत्र्यांच्या हातात उत्तराचा जाडजूड गठ्ठा होता. पण तेही सकाळपासून जागचे हलले नव्हते. “सोमवारपर्यंत घरी आणतो!” ते म्हणाले. सभागृहात बाकं वाजली. तेवढ्यात प्रश्नोत्तराचा तास संपला आणि दोघंही दाराकडे धावले.

स्वच्छतागृहात दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. मोकळे होऊन नळाकडे वळताना मंत्र्यांनी विचारलं,

“नाखवासाहेब, मघाशी मी काय बोलून बसलो हो?”

“आश्वासन दिलंत, साहेब. कामकाजात नोंदलंही गेलं,” नाखवांनी त्यांच्यासाठी नळ सोडला. “आता हात धुऊन लागा शेजाऱ्यांच्या मागे.”